उड्डाणहीन पक्ष्यांचा निर्वंश

उड्डाणहीन पक्ष्यांचा निर्वंश : उडण्याची शक्ती गमावलेल्या पक्ष्यांच्या जाती पृथ्वीवरून किंवा एखाद्या प्रदेशातून नाहीशा होण्याची घटना. शहामृग, एमू, रीया, कॅसोवरी, किवी व पेंग्विन हे आज हयात असलेले परिचित उड्डाणहीन पक्षी होत. डोडो, मोआ, मादागास्करचा हत्तीपक्षी व उत्तर अटलांटिकमधील मोठा ऑक हे नामशेष झालेले प्रमुख उड्डाणहीन पक्षी होत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, प्लाइस्टोसीन युगाच्या उत्तर काळापासून आजवर निर्वंश झालेल्या पक्ष्यांच्या ज्या ५८१ जाती ज्ञात आहेत, त्यांपैकी १६६ जाती उडू न शकणाऱ्या होत्या. हयात पक्ष्यांच्या सु. ११,००० जातींमध्ये उड्डाणहीन जाती मात्र सु. ६० च आहेत. म्हणजे हयात पक्ष्यांमध्ये त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, तर नामशेष पक्ष्यांमध्ये ते शेकडा सु. २९ आहे. ह्या विषमतेची कारणे प्राणिविज्ञानाइतकीच मानवाच्या इतिहासातही शोधावी लागतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्या विषयाला विशेष महत्त्व आहे. कारण दख्खनच्या पठारावरही एके काळी शहामृग वावरत होता व त्याच्या अंड्यांच्या कवचांचा महत्त्वाचा पुरावा खानदेशात मिळाला आहे.

उड्डाणहीनतेची उत्पत्ती : उड्डाण ही पक्ष्याला फार महाग पडणारी क्रिया आहे. तीसाठी छातीचे स्नायू मोठे ठेवावे लागतात, ते ज्याला चिकटतात तो उरोस्थीवरील (छातीच्या हाडावरील) उभा कंगोरा टिकवावा लागतो आणि शरीराचे वजनही मर्यादेत राखावे लागते. शत्रूपासून पळण्यासाठी किंवा अन्नासाठी दूर जाण्याची गरज जेथे उरत नाही, तेथे हा खर्च व्यर्थ ठरतो. अशा परिस्थितीत लहान पंख व लहान स्नायू असलेल्या पक्ष्यांची शक्ती अंडी व पिले ह्यांच्यासाठी वाचते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने उडण्याची शक्ती क्षीण होत जाते. सस्तन शिकारी प्राणी नसलेल्या सागरी बेटांवर ही घटना अनेकदा व स्वतंत्रपणे घडली आहे. पाणकोंबडीच्या कुलातील पक्ष्यांत तर ती पॅसिफिक महासागरातील बेटाबेटांवर घडून आली.

उड्डाणहीनतेचा दुसरा मार्ग खंडांवरील मोठ्या धावणाऱ्या पक्ष्यांचा होय. शहामृग सिंह, तरस व चित्ते ह्यांच्या शेजारी उत्क्रांत झाला. त्याची उंची २.७ मी. पर्यंत व वजन सामान्यतः १०० ते १५० किग्रॅ. असते, तो ताशी सु. ७० किमी. वेगाने धावू शकतो. उंच मान, मोठे डोळे, दोनच बोटांचा मजबूत पाय आणि उघडे मैदान ह्यांच्या बळावर तो उडण्यावाचून टिकला. बेटावरील पक्ष्याला शत्रू ठाऊकच नसतो. खंडावरील पक्ष्याला तो ठाऊक असतो, परंतु त्याच्यापासून बचाव करण्यासाठी मोकळी भूमी लागते. ह्या दोन प्रकारांच्या निर्वंशाची कारणे वेगवेगळी असण्याचे मूळ ह्या फरकात आहे. [⟶ शहामृग].

भारतातील शहामृग : हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या थरांत शहामृगासारख्या प्राचीन पक्ष्यांची हाडे एकोणिसाव्या शतकातच सापडली होती. त्यांहून पुष्कळ अलीकडच्या, प्लाइस्टोसीन युगाच्या अखेरच्या काळातील पुरावा मुख्यतः अंड्यांच्या कवचांच्या रूपाने मिळतो. राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्र ह्या राज्यांतील अनेक स्थळी अशी कवचे आढळली आहेत. शहामृगाच्या अंड्याचे कवच सु. २ मिमी. जाड असते व ते चुनामिश्रित गाळात दीर्घकाळ टिकते. पक्ष्याची हाडे मात्र पोकळ व ठिसूळ असल्याने क्वचितच टिकतात. ह्यामुळे भारतीय शहामृगाचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या अंड्यांचा इतिहास ठरला आहे.

हा पक्षी कोणत्या जातीचा होता, ह्याविषयी दीर्घकाळ केवळ कवचाची जाडी व त्यावरील छिद्रांची रचना ह्यांवरून तर्क करावा लागे. २०१७ मध्ये हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी ह्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने भारतीय कवचांतील प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून हा पक्षी आजच्या आफ्रिकी शहामृगाचा निकटचा आप्त असल्याचे व तो २५,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी भारतात वावरत असल्याचे दिसून आले. आफ्रिकेतून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत पसरलेल्या रुक्ष व अर्धरुक्ष गवताळ पट्ट्याच्या पूर्व टोकाला हा पक्षी राहत होता, असे ह्या पुराव्याचे तात्पर्य सांगता येते.

पाटणे येथील पुरावा : जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी व मराठवाड्याच्या सीमेलगत पाटणे हे गाव आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याच्या १२०७ मधील शिलालेखामुळे हा परिसर इतिहासज्ञांना परिचित होता. १९७२-७३ च्या सुमारास एस. ए. साळी ह्यांनी येथे केलेल्या उत्खननात मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे सलग थर उघडकीस आले. त्यांतील उत्तर पुराश्मयुगीन थरांत दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे, त्या कवचांचे मणी व एक रेखांकित तुकडा मिळाला. कार्बन-१४ पद्धतीने कवचाचा काळ सु. २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. साळी ह्यांचा ह्या संस्कृतींवरील विस्तृत ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

रेखांकित तुकड्यावर आडव्या रेषांच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी कोरलेली आहे. भारतात इतरत्र सापडलेल्या अनेक कवचांवरील रेषाही मानवनिर्मित असल्याचे प्रथम मानण्यात आले होते. तथापि शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक ह्यांनी केलेल्या तपासणीत त्यांतील बहुसंख्य रेषा वनस्पतींच्या मुळांनी कवच झिजल्याने पडलेल्या नैसर्गिक खुणा असल्याचे आढळले. पाटणे येथील तुकडा ह्या कसोटीस उतरला. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथे एका मानवी सांगाड्याच्या गळ्याजवळ ह्याच कवचाचे मणी मिळाले आहेत. तेव्हा हा पक्षी तत्कालीन मानवाच्या केवळ परिसरात नव्हता, तर त्याच्या अलंकारांत व कलेतही त्याला स्थान होते.

ह्या पुराव्याचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. पिले बाहेर पडल्यानंतर घरट्यात राहिलेली कवचे गोळा करूनही मणी करता येतात; म्हणून मण्यांवरून पक्ष्याची शिकार किंवा अंड्यांची लूट सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियात गेन्यॉर्निस ह्या अवाढव्य उड्डाणहीन पक्ष्याच्या संदर्भात वेगळ्या प्रकारचा पुरावा मिळाला आहे. तेथील कवचांचे तुकडे एका टोकाला अधिक व दुसऱ्या टोकाला कमी भाजलेले आढळले. वणव्याने असे घडत नाही, चुलीतील निखाऱ्यांनी घडते, असा युक्तिवाद २०१६ मध्ये मांडण्यात आला. ती कवचे गेन्यॉर्निसचीच होत ह्याला २०२२ मध्ये कवचातील प्रथिनांच्या अभ्यासाने पुष्टी मिळाली. पाटण्याच्या कवचांवरून मानव व शहामृग ह्यांचा सहवास निश्चित होतो. निर्वंशाचे कारण मात्र अन्य पुराव्यांच्या आधारे शोधावे लागते.

भारतातून शहामृग नाहीसा होण्याची कारणे : भारतात मोठ्या प्राण्यांचा निर्वंश अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्या खंडांच्या मानाने मर्यादित झाला. नर्मदेच्या खोऱ्यातील सरळ सुळ्यांचा प्राचीन हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा व रानटी घोड्याची एक जाती ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. लातूर जिल्ह्यातील मांजरा नदीच्या गाळथरांतही प्राचीन हत्ती, पाणघोडे व रानबैल ह्यांचे जीवाश्म मिळाले असून, त्यांवरून मराठवाड्याचे पठार एके काळी किती समृद्ध प्राणिजीवनाने भरलेले होते ह्याची कल्पना येते. भारतातील बहुतेक मोठे प्राणी टिकून राहिले, ह्याचे एक स्पष्टीकरण असे की, येथे मानव व प्राणी ह्यांचा सहवास फार प्राचीन असल्यामुळे प्राण्यांना मानवाची भीती अंगवळणी पडली होती. शहामृगही आफ्रिकेत मानवाबरोबरच उत्क्रांत झालेला पक्षी होता. तेव्हा केवळ शिकारीने त्याचा निःपात झाला, असे म्हणणे पुरेसे ठरत नाही.

दुसरे कारण हवामानाचे होय. सु. २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा परमोच्च काळ होता. त्या काळात मोसमी पाऊस क्षीण झाल्याने पश्चिम व मध्य भारतातील मोकळी गवताळ राने विस्तारली. ही परिस्थिती शहामृगास प्रतिकूल नव्हती. त्यानंतर पाऊस वाढत गेला आणि सु. ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या होलोसीन युगाच्या आरंभी तो पुष्कळच वाढला. मैदानांत झुडपे व वृक्ष वाढून मोकळ्या भूमीचे सलग पट्टे तुटले. धावण्यावर जगणाऱ्या पक्ष्याला दाट रानात त्याचा वेग उपयोगी पडत नाही व दूरवरून शत्रूही दिसत नाही.

मात्र हवामानाचे कारणही एकट्याने पुरे पडत नाही. वायव्य भारतात रुक्ष प्रदेश कधीच पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत आणि पूर्वीच्या आर्द्र कालखंडांतून हा पक्षी तगून आला होता. म्हणून दोन्ही कारणांचा संयोग हे अधिक संभाव्य स्पष्टीकरण होय. आक्रसलेल्या मैदानांत विखुरलेले छोटे कळप उरले. त्याच काळात सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या मानवी टोळ्यांची वस्ती वाढत होती. शहामृगाचे घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगा. त्यात अनेक माद्या अंडी घालतात व सु. ४२ दिवस ती उबवावी लागतात. एका अंड्याचे वजन सु. १.४ किग्रॅ. म्हणजे कोंबडीच्या सु. २४ अंड्यांइतके भरते. असे एकच घरटे लुटले, तरी एका कळपाची त्या वर्षाची बहुतेक सर्व संतती नष्ट होते. विस्तीर्ण आफ्रिकेत अशी हानी शेजारच्या प्रदेशांतील पक्ष्यांनी भरून निघे. तुटलेल्या भारतीय मैदानांत ती भरून निघण्याचा मार्ग उरला नसावा.

अरबस्तानातील शहामृगाचा इतिहास ह्या अनुमानास पूरक आहे. तेथे तो विसाव्या शतकापर्यंत टिकला. भाला व घोडा ह्यांच्या युगात तो तगून राहिला; बंदूक व मोटारगाडी ह्यांच्यापुढे काही दशकांतच संपला. त्याची अखेरची नोंद १९६६ मध्ये जॉर्डनमध्ये झाली. भारतात हा पक्षी इतक्या पूर्वी नाहीसा झाला की, त्याचे नावही आपल्याकडे बाहेरून आले. फार्सीत त्याला ‘शुतुरमुर्ग’ म्हणजे उंटपक्षी म्हणतात. ‘शहामृग’ ह्या शब्दातही फार्सी ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी हाच शब्द असून, मराठी बोलीत तो हरणाच्या ‘मृगा’कडे झुकलेला दिसतो.

बेटांवरील पक्ष्यांचा निर्वंश : मॉरिशस बेटावरील डोडो हा ह्या प्रकाराचा प्रातिनिधिक पक्षी होय. डच खलाशी १५९८ मध्ये बेटावर उतरले. डोडोचे सर्वसाधारणपणे मान्य असलेले अखेरचे दर्शन १६६२ मधील आहे. खलाशांनी त्याची शिकार केली हे खरे; तथापि त्यांच्या गलबतांतून आलेली डुकरे, माकडे व उंदीर ह्यांनी जमिनीवरील अंड्यांचा व पिलांचा केलेला संहार हे निर्वंशाचे अधिक प्रभावी कारण होते. डोडो भारतातही आणला गेला होता. इंग्रज प्रवासी पीटर मंडी ह्याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात सुरत येथे दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. मोगल दरबारातील उस्ताद मन्सूर ह्याचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्रही उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारबद्ध मजूर म्हणून मराठी कुटुंबे मॉरिशसला गेली, तेव्हा हा पक्षी नाहीसा होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता. १८६५ मध्ये तेथील मार ओ सोंज ह्या दलदलीत जॉर्ज क्लार्क ह्यांना त्याची हाडे मोठ्या प्रमाणावर मिळाली. तोपर्यंत डोडो ही दंतकथाच असावी, असे मानणारेही होते. [⟶ डोडो].

न्यूझीलंडमध्ये मोआ पक्ष्याच्या नऊ जाती होत्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिनीशियन लोकांनी तेथे कायम वस्ती केली आणि सु. दीडशे वर्षांत सर्व मोआ संपले. मोआच्या हाडांतील वाढीच्या वलयांवरून काही जातींना प्रौढ होण्यास सु. दहा वर्षे लागत, असे दिसते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला प्रौढांच्या सततच्या शिकारीची भरपाई करता येणे शक्य नव्हते. मोआवर जगणारा हास्टचा गरुड हा प्रचंड शिकारी पक्षीही त्यांच्याबरोबर नष्ट झाला. उत्तर अटलांटिकमधील मोठा ऑक वर्षाला एकच अंडे घाली. मांस, चरबी व पिसे ह्यांसाठी त्याच्या वसाहती शतकानुशतके लुटल्या गेल्या आणि आइसलँडजवळील एल्डी खडकावरील अखेरची ज्ञात जोडी जून १८४४ मध्ये मारण्यात आली. तोवर हा पक्षी इतका दुर्मिळ झाला होता की, त्या दुर्मिळतेमुळेच संग्राहकांकडून त्याला भारी किंमत मिळत होती. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर दीपगृहाच्या उभारणीनंतर मांजरे आली व तेथील चिमुकला उड्डाणहीन रेन पक्षी १८९५ च्या सुमारास दिसेनासा झाला. लेसन बेटावरील पाणकोंबडीची अखेरची वस्ती मिडवे बेटांवर उरली होती. दुसऱ्या महायुद्धात नौकांतून तेथे उंदीर पोहोचले आणि १९४४ नंतर ती दिसली नाही.

सामान्य कारणे : वरील उदाहरणांवरून निर्वंशाची काही समान सूत्रे हाती येतात. (१) उड्डाणहीन पक्ष्यांची अंडी व पिले बहुधा जमिनीवर असतात व ती हलविता येत नाहीत. (२) बेटावरील पक्ष्यांना सस्तन शत्रूची भीतीच नसते. ही निर्भयता म्हणजे मूर्खपणा नव्हे. शत्रू नसलेल्या जगात भीती हाही एक वायफळ खर्चच असतो. (३) प्रजननाचा वेग मंद असतो. (४) अधिवास बिघडल्यास पक्षी दुसरीकडे जाऊ शकत नाही. पहिली तीन कारणे उडणाऱ्या काही पक्ष्यांनाही लागू पडतात. चौथे कारण मात्र उड्डाणहीनतेचेच आहे व तेच बहुधा निर्णायक ठरते.

उडण्याची अल्प शक्तीही किती मोलाची असते, हे आपल्याकडील रानांत पाहता येते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या परिसरातील सागाच्या रानांत व पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याच्या आसपास मोर, तित्तिर व लावे हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आढळतात. कोल्हा, मुंगूस, रानमांजर व मनुष्य ह्यांच्या शेजारी ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांचे उड्डाण लांब पल्ल्याचे नसते. परंतु झुडपातून फडफडत उठून दूरच्या गवतात उतरण्यापुरते किंवा रात्री झाडावर बसण्यापुरते ते पुरेसे असते. शिवाय तित्तिर व लावे एका वेळी अनेक अंडी घालतात. डोडोजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते.

वर्तमान प्रश्न : माळढोक हा पक्षी उड्डाणहीन नाही, परंतु त्याची स्थिती उड्डाणहीन पक्ष्यांच्या स्थितीशी विलक्षण जुळते. त्याचे वजन १५ किग्रॅ. पर्यंत असते, तो उघड्या माळावर जमिनीवर घरटे करतो व मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील नान्नज व लगतच्या प्रदेशासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य स्थापन झाले. तथापि माळराने नांगराखाली आल्याने व कुरणे तुटल्याने येथील संख्या घटतच गेली. २०१८ च्या सुमारास संपूर्ण देशातील माळढोकांची संख्या दीडशेहून कमी असल्याचा अंदाज होता व त्यांतील बहुतेक राजस्थानात होते. जड शरीर व समोरच्या बाजूस अरुंद दृष्टिक्षेत्र ह्यांमुळे हा पक्षी उच्चदाबाच्या विद्युत्‌वाहिन्यांवर आदळून मरतो. त्याची उडण्याची शक्ती त्याला जुन्या संकटातून वाचवू शकली, तरी ह्या नव्या संकटात तीच त्याला बाधक ठरते. २०१९ पासून राजस्थानात त्याच्या कृत्रिम प्रजननाचा कार्यक्रम सुरू करण्यात आला.

निर्वंश अटळ नसतो, ह्याचीही उदाहरणे आहेत. न्यूझीलंडचा ताकाहे हा पक्षी नामशेष समजला गेला असता १९४८ मध्ये पुन्हा सापडला. तेथीलच उड्डाणहीन पोपट काकापो १९९५ मध्ये केवळ ५१ उरले होते. शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर त्यांना हलवून व प्रत्येक पक्ष्यावर लक्ष ठेवून २०२२ पर्यंत त्यांची संख्या अडीचशेवर नेण्यात आली. ऑस्ट्रेलियातील लॉर्ड हाउ बेटावरील रानपाणकोंबडी १९८० च्या सुमारास सु. ३० उरली होती. रानडुकरे व मांजरे हटवून, बंदिस्त प्रजनन करून व २०१९ मध्ये उंदरांचे निर्मूलन करून तिचीही संख्या वाढविण्यात आली. ह्या प्रयत्नांत पक्ष्यांना उडता येऊ लागले नाही. त्यांच्या भोवतालची भूमी त्यांना पुन्हा राहण्याजोगी करण्यात आली, एवढेच. पाटण्याच्या मानवाला शहामृगाचा प्रदेश आक्रसत असल्याचे कळण्याचे साधन नव्हते. माळढोकाच्या बाबतीत ती संख्या, तो प्रदेश व ती कारणे आज ज्ञात आहेत. त्यामुळे दख्खनच्या मैदानांतून दुसरा मोठा पक्षी नाहीसा झाल्यास त्याचे कारण अज्ञान असणार नाही.